पहिले पिस्तूल घरात येण्याआधी आणि आल्यानंतर : खान्देशातील नव्या परवानाधारकासाठी

केळी, कापूस किंवा सोन्याच्या व्यवहाराची रोख रक्कम घेऊन रात्रीच्या वेळी सावदा-रावेर किंवा अमळनेर-धुळे रस्त्याने एकट्याने परतावे लागणाऱ्या माणसाच्या मनात कधी ना कधी शस्त्र परवान्याचा विचार येतोच. माझ्याही मनात तो असाच आला होता. परवाना मिळून आता बरीच वर्षे झाली आहेत आणि या काळात जे शिकलो, त्यातील बरेचसे चुकांमधून शिकलो. पहिल्यांदाच रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घेऊ इच्छिणाऱ्यांना ते उपयोगी पडावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी गरज नीट तपासावी. शेतात रानडुकरे येतात किंवा केळीच्या बागेत बिबट्या दिसला, एवढ्यासाठी रिव्हॉल्व्हर मागू नये. पीकरक्षणाचा परवाना हा वेगळा प्रकार असून तो प्रामुख्याने लांब नळीच्या बंदुकीसाठी असतो. शिवाय बिबट्या हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी असल्याने त्याच्यावर गोळी झाडणारा परवानाधारकही गुन्हेगार ठरतो. छोटे शस्त्र स्वतःच्या जिवाला असलेल्या धोक्यासाठी मागितले जाते आणि तो धोका कागदावर दाखवावा लागतो: पूर्वी दिलेली तक्रार, व्यवसायाचे स्वरूप, रोकड वाहून नेण्याचा पुरावा. केवळ हौस किंवा प्रतिष्ठा या कारणाने केलेला अर्ज बहुधा टिकत नाही आणि माझ्या मते तो टिकूही नये.

परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार मिळतो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नसल्यामुळे परवाना देणारे अधिकारी जिल्हादंडाधिकारी, म्हणजेच आपले जिल्हाधिकारी असतात. अर्ज नमुना ए-१ मध्ये करावयाचा असतो. त्यासोबत ओळख, वय व पत्त्याचे पुरावे, शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याबाबतचे हमीपत्र जोडावे लागते. त्यानंतर पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. कर्मचारी घरी येतात, शेजाऱ्यांना विचारतात, जुने गुन्हे पाहतात. भाऊबंदकीतून किंवा बांधाच्या वादातून आपल्यावर एखादा गुन्हा नोंदलेला असेल, तर तो लपवू नये, कारण चौकशीत तो सापडतोच आणि मग मूळ गुन्ह्यापेक्षा लपवाछपवीच अधिक नडते. नियमांत पोलीस अहवालासाठी ३० दिवस आणि त्यानंतरच्या निर्णयासाठी ६० दिवस दिलेले आहेत. प्रत्यक्षात याहून अधिक काळ थांबण्याची तयारी ठेवावी आणि दर खेपेला आपल्या अर्जाची पोचपावती जवळ बाळगावी.

या प्रतीक्षेच्या काळातच काही जण वाट सोडतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-शिरपूरकडील सीमाभागातून येणाऱ्या गावठी कट्ट्यांच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. असे शस्त्र जवळ सापडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ ते कमाल ५ वर्षांचा कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी त्या नळीचे पोलाद कोणी तपासलेले नसते आणि पहिली गोळी झाडणाऱ्याच्याच हातात फुटण्याची शक्यता खरी असते. ओळखीचा माणूस स्वस्तात देतो म्हणाला, तर तेथून उठून यावे.

परवाना मंजूर झाला की त्यावर शस्त्राचा प्रकार, बोअर (म्हणजे नळीच्या आतील व्यासाचे माप), काडतुसांची मर्यादा, खरेदीची मुदत आणि परवाना कोणत्या क्षेत्रात वैध आहे हे लिहिलेले असते. घरी येऊन हा कागद सावकाश दोनदा वाचावा. सामान्य नागरिकाला मिळणारा परवाना बिगर-प्रतिबंधित बोअरचा असतो. ९ मिमी, .३८ आणि .४५ ही प्रतिबंधित बोअरची उदाहरणे होत, म्हणून आपल्याकडे बहुतेकांची निवड .३२ वर येऊन थांबते. एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे बाळगता येतात. ही मर्यादा २०१९ पूर्वी तीन होती.

रिव्हॉल्व्हर घ्यावे की पिस्तूल, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. पहिले शस्त्र रिव्हॉल्व्हरच असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर वरच्या बाजूने बिजागरीसारखे वाकून उघडते. उघडताच काडतुसांचे सहाही खाने एका नजरेत दिसतात आणि शस्त्र भरलेले आहे की रिकामे याबद्दल शंका उरत नाही. पिस्तुलात मात्र मॅगझिन (काडतुसे भरण्याची, काढता येणारी पेटी) काढल्यावरही एक काडतूस नळीच्या मागच्या खान्यात राहू शकते आणि ‘मी मॅगझिन काढले होते’ असे म्हणत झालेले अपघात याच कारणाने होतात. महिलांचा विचार करून २०१४ मध्ये आणलेले ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हरही कानपूरच्या या .३२ च्याच पद्धतीचे असून त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम आहे. खिशाला ते हलके वाटते, परंतु हलके शस्त्र हाताला अधिक झटका देते हे लक्षात ठेवावे. २०२३ मध्ये आलेले ‘प्रबल’ हे रिव्हॉल्व्हर साधारण ७०० ग्रॅमचे आहे. परदेशी बनावटीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरना बाजारात अवाच्या सवा किंमत मागितली जाते, कारण सामान्य नागरिकासाठी त्यांची आयात १९८० च्या दशकापासून जवळजवळ बंद आहे. ती किंमत दुर्मीळपणाची असते, गुणवत्तेची असेलच असे नाही.

काडतुसांबाबत एक गोष्ट इतकी महत्त्वाची आहे की ती वेगळी सांगितली पाहिजे. ‘.३२’ या एकाच आकड्याखाली दोन निरनिराळी काडतुसे विकली जातात. रिव्हॉल्व्हरसाठी .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, तर पिस्तुलासाठी .३२ एसीपी, ज्याला ७.६५ मिमी असेही म्हणतात. पिस्तुलाचे काडतूस अनेक रिव्हॉल्व्हरच्या खान्यात बसते, परंतु त्याचा दाब अधिक असल्याने ते झाडणे धोक्याचे असते. मला एकदा एका दुकानातून चुकीचा डबा मिळाला होता आणि घरी आल्यावर लेबल वाचले म्हणूनच ते लक्षात आले. तेव्हापासून दुकानातच डबा उघडून, काडतुसाच्या बुडावरील अक्षरे शस्त्रावरील कोरीव अक्षरांशी जुळवल्याशिवाय मी पैसे देत नाही.

खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा थेट कारखान्याकडून होते. दोन्ही ठिकाणी मूळ परवाना सोबत न्यावा लागतो. दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा राज्यातून शस्त्र आणायचे असल्यास निघण्यापूर्वीच परवाना शाखेत जाऊन आवश्यक परवानगी विचारून घ्यावी. शस्त्र हातात घेण्यापूर्वी विक्रेत्याची संमती घ्यावी, ते रिकामे असल्याचे त्याच्यासमोर उघडून पाहावे आणि नळी कोणाच्याही दिशेने जाऊ देऊ नये. नळीतून उजेडाकडे पाहिल्यावर आतील आटे (पेचदार खाचा) स्वच्छ व सलग दिसावेत, खड्डे किंवा काळे डाग नसावेत. रिव्हॉल्व्हरचा घोडा मागे ओढून धरल्यावर चक्र (काडतुसांचे खाने असलेला फिरता भाग) हाताने हलवून पाहावे. ते जवळजवळ न हलता पक्के राहिले पाहिजे आणि ही परीक्षा सहाही खान्यांवर करावी. एकच खाना तपासून समाधान मानू नये. जुने शस्त्र असेल, तर हे सारे दुप्पट काळजीने करावे. शेवटी शस्त्रावरचा क्रमांक, पावतीवरचा क्रमांक आणि परवान्यावरची नोंद हे तिन्ही अंकागणिक जुळवावे. मग ठरलेल्या मुदतीत ते परवाना शाखेत व पोलीस ठाण्यात दाखवून नोंद करून घ्यावी.

शस्त्र घरी येण्यापूर्वी तिजोरी घरात आलेली असावी. लाकडी कपाट, गादीखालची जागा किंवा देवघराचा खण यांना तिजोरी म्हणत नाहीत. भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने घट्ट बसवलेली लहान लोखंडी पेटी पुरते. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत आणि दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात नसाव्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत बहिणीची, भावाची मुले घरी येतात, कपाटे उघडतात, लपाछपी खेळतात. आपल्या मुलाला आपण शिकवलेले असते, पाहुण्याच्या मुलाला नाही.

पहिली स्वच्छता पहिल्याच आठवड्यात करावी. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, दार लावून, शस्त्र उघडून रिकामे असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटानेही करून घ्यावी. नव्या शस्त्राला कारखान्यातून संरक्षक ग्रीस लावलेले असते. ते नळीत व खान्यांत राहू देऊ नये. साफसफाईचे द्रावण लावलेला पितळी ब्रश, त्यानंतर कोरड्या कापडाच्या पट्ट्या आणि शेवटी शस्त्राच्या तेलाचा अगदी पातळ थर, एवढे पुरेसे असते. खोबरेल तेल कधीही वापरू नये. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत ते गोठते आणि हलणाऱ्या भागांत अडकून बसते. काडतुसांना तेल अजिबात लागू देऊ नये, कारण ते आत झिरपल्यास काडतूस ऐन वेळी निकामी ठरू शकते. चामड्याच्या होल्स्टरमध्ये शस्त्र साठवू नये, हा धडा मी एका पावसाळ्यात शिकलो: चामड्याने ओल धरली आणि आश्विनात काढून पाहिले, तेव्हा चक्रावर गंजाची तांबूस रेघ पडलेली होती. तिजोरीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा काडतुसे उन्हात उभ्या गाडीत सोडू नयेत. शस्त्र तर गाडीत कधीच सोडू नये.

सराव अधिकृत नेमबाजीच्या मैदानावर आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच करावा. गिरणेच्या किंवा पांझरेच्या कोरड्या पात्रात, टेकडीमागे किंवा स्वतःच्या मळ्यात गोळी झाडू नये. .३२ ची गोळी किलोमीटरभर जाऊ शकते आणि केळीची बाग तिला अडवत नाही. घरी सरावासाठीची, दारू नसलेली नकली काडतुसे घालून चाप ओढण्याचा सराव करता येतो. ‘निडर’ या रिव्हॉल्व्हरसारख्या .२२ च्या शस्त्रात मात्र रिकामा चाप ओढू नये, कारण त्याने खान्याची कड खराब होते. लक्ष्यावर नजर स्थिर होईपर्यंत बोट चापाबाहेर राहिले पाहिजे, आणि ही सवय हाताला लागेपर्यंत शस्त्र घराबाहेर नेऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो.

बाहेर नेताना शस्त्र होल्स्टरमध्ये पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असावे. मूळ परवाना सोबत असावा. खान्देशच्या दोन बाजूंना राज्यांच्या सीमा आहेत, म्हणून परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर रावेरहून बऱ्हाणपूरला किंवा नवापूरहून सुरतेकडे जाताना शस्त्र घरीच राहिले पाहिजे. सणासुदीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात आणि निवडणुकीत शस्त्र ठाण्यात जमा करण्याची नोटीस येऊ शकते. जमा करताना पावती घ्यावी व परत मिळाल्यावर क्रमांक पुन्हा तपासावा. हळदीत, वरातीत किंवा विजयी मिरवणुकीत हवेत गोळी झाडल्यास २ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. लग्नाच्या जेवणावळीलाही शस्त्र नेऊ नये.

परवान्याची मुदत आता ५ वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी द्यावा. शस्त्र हरवले किंवा चोरीला गेले, तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी.

आणखी एक काम फार थोडे लोक करतात. परवानाधारकाचे निधन झाले की शस्त्र आपोआप वारसाचे होत नाही. वारसाकडे स्वतःचा परवाना नसेल, तर ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. दुःखाच्या दिवसांत हे कोणालाही सुचत नाही. म्हणून एका कागदावर शस्त्राचा क्रमांक, परवान्याचा क्रमांक, दोन्ही किल्ल्यांची जागा आणि शस्त्र कोठे जमा करावयाचे हे स्वच्छ अक्षरांत लिहून तो कागद घरातील एका जबाबदार व्यक्तीच्या हाती द्यावा. माझ्या घरी तो माझ्या पत्नीकडे आहे आणि दर नूतनीकरणाच्या वेळी आम्ही दोघे मिळून तो पुन्हा वाचतो.