उभ्या गाडीची बॅटरी बसू नये म्हणून काय करायचं (सोलापूरवाल्यांसाठी खास)

मागच्या मे महिन्यात तीन आठवडे पुण्याला होतो, गाडी जुळे सोलापूरला घराखाली उन्हात उभी. आल्यावर सगळे आवरून अक्कलकोटला निघालो, चावी फिरवली तर नुसतं टिक टिक टिक. वरनं मित्र ओरडतो, "काय बे, बसली का?" बसलीच होती.

गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म थोडा थोडा करंट खातच असतात. ५० मिलीअँपिअरपर्यंत चालतंय, पण हिशोब बघा, दिवसाला १.२ अँपिअर अवर (बॅटरीत साठलेली वीज मोजायचं माप) जातात आणि छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी असती साधारण ३५ ची, म्हणजे महिन्यात खडखडाट. माझ्यात वरनं डॅशकॅम (पुढच्या काचेवरचा रेकॉर्डिंगचा कॅमेरा) डायरेक्ट बॅटरीवर जोडलेला, मग काय होणार.

म्हणून गाडी उभी ठेवणार असाल तर आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास नीट चालवा. जागेवर पाच मिनिटं घुर्रर्र करून बंद केली तर आठवडाभर गेलेलं भरून निघत नाही. सरळ तुळजापूरला जाऊन या, दर्शनपण होतंय. आणि कुणी चालवणारंच नसेल तर १० नंबरचा पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्हची वायर काढून ठेवा. आधी निगेटिव्हच, कारण पॉझिटिव्ह काढताना पाना बॉडीला टेकला तर असली ठिणगी उडते की विचारू नका. चावी खिशात ठेवा, नाहीतर आत राहून लॉक पडलं तर बसा बोंबलत. घड्याळ परत लावायला लागतं, तेवढं सोसा.

आता आपलं ऊन. लोकं म्हणतात थंडीत बॅटरी बसते, बसत असेल, पण तिला आधी मारलेलं असतं उन्हाळ्याने. मेमध्ये बाहेरच ४२-४३ डिग्री, बॉनेटखाली त्याहून जास्त, त्यात बॅटरीतलं पाणी उडतं आणि आतल्या प्लेटा लवकर खराब होतात. त्यामुळे सावलीत लावा, लिंबाखाली लावली तर पक्षी घाण करतात पण गाडी धुता येते, बॅटरी धुऊन परत येत नाही. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्याला लेव्हल बघा, डिस्टिल्ड वॉटरच टाका, बोअरचं पाणी अजिबात नको, आणि त्यावेळी तोंडात बिडी-सिगरेट नको कारण आतनं हायड्रोजन निघतो. टर्मिनलवर, म्हणजे वायर जोडतात त्या टोकांवर, पांढरं-हिरवं साठलं असेल तर वायर काढून गरम पाणी आणि खायच्या सोड्याने घासा, कोरडं करून घट्ट बसवा.

बॅटरीचे व्होल्ट मोजायला एक साधा मल्टीमीटर घेऊन ठेवा. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी १२.६ व्होल्ट आले तर फुल, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे चार्जिंगला लावा. गाडी चालू करून १३.८ ते १४.५ च्या आसपास दिसलं पाहिजे, बाराच्या घरातच राहिलं तर दोष अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो), उगाच नवीन बॅटरी घेऊ नका.

माझ्या डॅशकॅमची वायर आता चावी फिरवल्यावरच करंट येणाऱ्या फ्यूजवर घेतलीय, वायरमनने अर्ध्या तासात करून दिलं.