जपानीचं मधल्या पातळीचं पुस्तक निवडताय? या चुका टाळा

"सेन्सेई, एन फोर झालं. आता एन थ्रीसाठी बेस्ट पुस्तक कुठलं?"

जुलै आणि डिसेंबरच्या जेएलपीटीचे, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेचे, निकाल लागले की हा मेसेज मला दहा-पंधरा जणांकडून येतो. (एन फोर, एन थ्री या तिच्या पातळ्या; आकडा कमी तशी पातळी अवघड.) शब्दसुद्धा तेच. मी पुण्यात जपानी शिकवते, म्हणून 'सेन्सेई', म्हणजे शिक्षिका. उत्तर द्यायच्या आधी उलट विचारते, "आधीचं पुस्तक संपलं का?" मग जरा वेळ शांतता. मग, "हो, म्हणजे तसं झालंय. शेवटचे काही धडे राहिलेत."

पहिली चूक इथेच. 'मिन्ना नो निहोंगो' या पाठ्यपुस्तकाच्या प्राथमिक दोन भागांत मिळून ५० धडे आहेत. लोकांचे राहतात ते नेमके ३७ (कर्मणी), ४८ (दुसऱ्याकडून करवणं) आणि ४९-५० (आदरार्थी भाषा). मधल्या पातळीचं कुठलंही पुस्तक हे सगळं तुम्हाला येतं असं धरूनच सुरू होतं. घराला जिना नाही आणि गच्चीवर टाईल्स कुठल्या लावू म्हणून विचारायचं, त्यातली गत. ४८ व्या धड्यातली तीन वाक्यं वही न बघता बोलता येत नसतील, तर नवीन पुस्तकाचे पैसे दोन महिने खिशातच राहू द्या.

आता माझी सगळ्यात लाडकी चूक. परीक्षेच्या तयारीचं पुस्तक हेच पाठ्यपुस्तक समजणं.

कव्हरवर मोठ्ठं 'एन ३' छापलेलं असतं, आत आठवड्यांचं वेळापत्रक आखलेलं असतं, रोज दोन पानं. घाईतल्या माणसाला आणखी काय हवं? पण या पुस्तकांत असतं काय, तर एक रचना, तिचा इंग्रजीत एका ओळीचा अर्थ, दोन-तीन सुटी वाक्यं, की पुढची रचना. जे आधी कुठेतरी भेटलंय त्याची उजळणी म्हणून ही पुस्तकं उत्तम. मीही वापरते. पण पहिली भेटच अशी झाली, तर नाव लक्षात राहतं आणि माणूस कळत नाही.

माझा एक विद्यार्थी हिंजवडीत आयटीत. हुशार, आणि त्याहून जास्त घाईचा. असलंच एक पुस्तक त्याने संपवलं आणि एन थ्री झाला. १८० पैकी ९५ ला पास असतं, हा आरामात वर होता. तीन-चार महिन्यांनी कंपनीने त्याला दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकलं. पठ्ठ्याने जपानी क्लायंटला स्वतः मेल लिहिला, "राइगेत्सु कारा बेत्सु नो पुरोजेकुतो नि उत्सुरु कोतो नि शिमाशिता." व्याकरणाची एक चूक काढून दाखवा. नाहीच. दुसऱ्या दिवशी क्लायंटचा फोन त्याच्या मॅनेजरला, आवाज अगदी खाली आणून: आमच्याकडून काही चुकलं का?

कारण 'कोतो नि शिमाशिता' म्हणजे 'मी ठरवलंय'. त्याला म्हणायचं होतं 'कोतो नि नारिमाशिता', म्हणजे 'ठरलंय'. 'मी दुसरीकडे जायचं ठरवलंय' आणि 'माझं दुसरीकडे जायचं ठरलंय' यातला फरक मराठीत पहिलीतल्या पोराला कळतो. जपानी माणूस तर स्वतःच्या लग्नाची बातमी देतानाही बहुतेक वेळा 'नारिमाशिता'च म्हणतो, आपण 'लग्न ठरलं' म्हणतो तसंच. या गड्याने मला पुस्तक आणून दाखवलं. दोन्ही रचना समोरासमोरच्या पानांवर होत्या, दोन्हींवर हिरव्या पेनने बरोबरची खूण. परीक्षेत चार पर्यायांतून ओळखायचं असतं. जेएलपीटीत ना बोलायचा पेपर, ना लिहायचा. ओळखायला तो शिकला होता, वापरायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

याचंच धाकटं भावंड: 'सेइ दे' आणि 'ओकागे दे'. यादीत दोन्हींपुढे '-मुळे' लिहून ठेवलं की संपलं. आपलं 'मुळे' बिचारं चांगल्या-वाईट दोन्हीकडे चालतं, 'सेइ दे' मात्र फक्त खापर फोडायला आणि 'ओकागे दे' आभार मानायला. एका मुलीने पास झाल्यावर मला पेढ्यांच्या डब्यासोबत कार्ड दिलं होतं, "सेन्सेई नो सेइ दे गोओकाकु शिमाशिता." माझ्यामुळे पास होण्याचं संकट ओढवलं तिच्यावर. पेढे चांगले होते.

आणि त्या 'एन ३' च्या शिक्क्याबद्दल. २०१० पर्यंत परीक्षेच्या चारच पातळ्या होत्या. त्या वर्षी पाच झाल्या आणि जुनी तिसरी आणि दुसरी यांच्यामधली मोठी दरी भरायला एन थ्री आलं. तेव्हापासून परीक्षा घेणारे शब्दांची, कांजींची (जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांची), व्याकरणाची अधिकृत यादी प्रसिद्धच करत नाहीत. म्हणजे कव्हरवरची पातळी हा प्रकाशकाचा अनुभवी अंदाज. दोन पुस्तकांतल्या याद्या जुळत नाहीत म्हणून रात्री अकराला मला फोन करू नका.

मग निवडायचं कसं? माझी पद्धत शास्त्रीय वगैरे नाही. पुस्तक मधूनच उघडते. पहिला धडा बघायचा नाही, तो सगळ्यांचाच गोड असतो. एक पान उताऱ्याचं घेते आणि जे अडेल त्याखाली पेन्सिलीने ठिपका देते. शब्द, कांजी, रचना, काहीही. पानावर सात-आठ ठिपके पडले तर पुस्तक तुमचं. वीसच्या वर गेले तर गुपचूप परत ठेवा. एकही पडला नाही तर तुम्हाला पुस्तक नको, सवय हवीय.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझे ५० धडे संपले त्या आठवड्यात मी थेट 'तोबिरा' घेतलं होतं. उत्तम पुस्तक, २००९ चं, १५ धडे. पण ते मधल्या पातळीतून वरच्या पातळीकडे नेणारं दार आहे, नावातच 'दार' आहे. पहिला धडा जपानच्या भूगोलाचा. पहिल्या पानाला मला एक अख्खा रविवार लागला आणि शेवटी होक्काइदो सोडून काही आठवत नव्हतं. मी ते कपाटात टाकलं आणि 'आपल्याला जपानी जमत नाही' असं ठरवून टाकलं. होय, 'ठरवून टाकलं'. जपानीत याला 'ते शिमाऊ'. दीड वर्षाने तेच पुस्तक परत काढलं, तेव्हा पानाला दहा ठिपके पडले. पुस्तक तेच होतं.

आज कोणी विचारलं तर मी 'मिन्ना नो निहोंगो'चा चुक्यु, म्हणजे मधल्या पातळीचा, भाग १ किंवा 'क्वार्टेट' हे पुस्तक सांगते. चुक्युचे दोन भाग, प्रत्येकी १२ धडे, आणि ज्यांनी प्राथमिक भाग नीट केलेत त्यांना ओळखीच्या घरात आल्यासारखं वाटतं. 'क्वार्टेट'चे दोन भाग मिळून १२ धडे. वाचणं, लिहिणं, बोलणं, ऐकणं चारही हातात हात घालून चालतात. एकट्याने शिकणाऱ्याला मी हे आधी देते. 'शिन कान्झेन मास्टर' ही परीक्षेच्या तयारीची मालिका परीक्षेच्या आधीच्या चार-पाच महिन्यांत. त्यात व्याकरण, वाचन, ऐकणं, कांजी, शब्द यांची पुस्तकं वेगवेगळी असतात. पाचही एकदम मागवणारे लोक मला माहीत आहेत. त्यांतली साडेचार कोरी असतात.

पुस्तकात समजावणं इंग्रजीत असतं म्हणून विचारही इंग्रजीतून करणं, ही एक चूक जाता जाता. 'काल आईने विकत आणलेलं पुस्तक' हे जपानीत याच क्रमाने येतं, 'किनोओ हाहा गा कात्ते किता होन'. मधल्या पातळीवर नामाच्या आधी अशा दोन-दोन ओळींच्या शेपट्या लागतात. इंग्रजीतून गेलात तर वाक्य उलटं करून परत सुलटं करावं लागतं. समासात मराठी लिहा. 'ते ओकु'पुढे 'करून ठेवणे', 'ते मिरु'पुढे 'करून बघणे'. एवढं फुकटात मिळतंय तर घ्या की.

बाकी भराभर. चुक्युचं मुख्य पुस्तक घेऊन व्याकरणाच्या स्पष्टीकरणाचं वेगळं पुस्तक न घेणं: अर्धं पुस्तक घेतलंत. ऑडिओ न ऐकता धडा 'संपवणं': संपलेला नाही. एका वेळी दोन मुख्य पुस्तकं: मी क्लासमध्ये एक काढून घेते आणि सहा महिन्यांनी परत देते. उत्तरांची पुस्तिका आधी उघडणं: स्टेपलर वापरा.

आणि शेवटी ती पीडीएफ. कुणीतरी ग्रुपवर टाकलेली, तीन पिढ्यांची झेरॉक्स स्कॅन केलेली. चोरी आहे हे बाजूला ठेवलं तरी व्यवहार काय आहे ते बघा. कांजीच्या डोक्यावर उच्चार सांगणारी बारीक अक्षरं असतात, फुरिगाना. त्यांत 'बु' आणि 'पु' यांत फरक एवढाच की एकाला दोन रेघोट्या आणि दुसऱ्याला एक टिकलीएवढं वर्तुळ. झेरॉक्समध्ये दोन्हींचा एकच काळा ठिपका होतो. मागच्या महिन्यात एक काका, निवृत्त बँकवाले, क्लास सुटल्यावर असं एक पान घेऊन आले. दहाची कांजी आणि त्यापुढे मिनिटांची. 'जुप्पुन' वाचलं तर 'दहा मिनिटं', 'जूबुन' वाचलं तर 'पुरेसं'. "सेन्सेई, हे दहा मिनिटं आहे की पुरेसं?" मी पान खिडकीकडे नेलं, चष्मा काढला, परत घातला. मलाही कळलं नाही.