शाळा सुधार आराखडा फाइलीतच राहतो, कारण या चुका टाळल्या जात नाहीत

मागे पडलेल्या शाळेचा आराखडा बहुतेकदा रंगकामापासून सुरू होतो. भिंतीवर पाढे, दारात नवा फलक, एका खोलीत डिजिटल बोर्ड. फोटो छान येतात. चौथीतल्या ज्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता येत नाही, तो मात्र जिथे होता तिथेच असतो.

सरासरीवर आराखडा बेतणे

‘गणितात वर्गाची सरासरी ४२ टक्के’ यावरून सोमवारी वर्गात काय शिकवायचं ते कळत नाही. आराखड्याच्या पहिल्या पानावर मुलांची नावं हवीत. दुसरीच्या पातळीचा, न शिकवलेला आठ-दहा ओळींचा उतारा घ्या, एकेका मुलाला बाजूला बसवून वाचून घ्या आणि पाचच खाने भरा: अक्षरओळख नाही, अक्षर, शब्द, परिच्छेद, समजून वाचन. मुलामागे तीन मिनिटं धरली तर ४० मुलांचे दोन तास होतात. हे दोन दिवसांत उरकतं. याच खान्यांवरून मुलांचे गट करा आणि रोज ४५ मिनिटांची वाचन तासिका गटागटाने घ्या.

गणितात नुसतं उत्तर तपासू नका. ५२ वजा २७ चं उत्तर दोन मुलांनी ३५ लिहिलं, तरी चूक एकच असेल असं नाही. एक म्हणतो, “सातातून दोन गेले, पाच.” त्याने सरळ मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. दुसरा म्हणतो, “बारातून सात गेले, पाच, पाचातून दोन गेले, तीन.” त्याने दशक सुटा केला, पण पाचाचे चार करायला विसरला. पहिल्याला काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सोडवायला बसवावं लागतं. दुसऱ्याला चार दिवस मांडणीचा सराव पुरतो. दोघांना तीच दहा गणितं पुन्हा दिली, तर दोघेही तीच चूक पक्की करतात.

गैरहजेरीला ‘पालक उदासीन’ म्हणून मोकळं होणे

हजेरीपटावरची महिन्याची टक्केवारी बाजूला ठेवा आणि प्रत्येक मुलाच्या गैरहजेरीचे वार बघा. ४० आठवड्यांत दर आठवड्याला दोन दिवस बुडाले तर वर्षाचे ८० दिवस जातात. पहिली ते पाचवीला कामाचे दिवसच किमान २०० आहेत. नवी मुंबईतल्या दिघा, तुर्भे किंवा ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या वस्त्यांत आई पहाटे धुणीभांड्याला आणि बाप मजुरीसाठी नाक्यावर गेला, की धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी मुलगी घरी राहते. तिथे प्रबोधनापेक्षा अंगणवाडीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळवणं उपयोगी पडतं. शहापूर-मुरबाडकडची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. त्या मुलांसाठी जूनमध्येच ठरवावं लागतं: हंगामी वसतिगृह, की भट्टीजवळच्या शाळेत दाखल करणं? नोव्हेंबरात शोध घेतला तर उशीर झालेला असतो.

सगळा भार एका उत्साही मुख्याध्यापकावर

त्यांची बदली झाली की आराखडाही जातो. प्रत्येक कामासमोर दोन नावं लिहा आणि गटांची वही मुख्याध्यापकांच्या कपाटात नाही, वर्गातच ठेवा. पहिल्या वर्षी दोनच उद्दिष्टं घ्या, वाचन आणि हजेरी. बारा उद्दिष्टांचा आराखडा म्हणजे अहवालाची तयारी.

समिती फक्त सहीपुरती

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा विकास आराखडा शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपवला आहे, आणि समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत. पण सभा सकाळी अकराला लावली तर रोजंदारीवरचा पालक येईल कसा? रविवारी संध्याकाळी घ्या. टक्केवारीचा तक्ता वाचून दाखवण्याऐवजी प्रत्येक पालकासमोर त्याच्या मुलाकडून चार ओळी वाचून घ्या. पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं.

खोल्या, बाकं, पाण्याची टाकी यांच्या मागण्या डिसेंबरआधीच द्या. महापालिकेचा अर्थसंकल्प जानेवारी-फेब्रुवारीत आकार घेतो. मार्चमधलं पत्र थेट पुढच्या वर्षात जातं.

दोन महिन्यांनी गट हललेच नाहीत तर

लगेच पद्धत बदलू नका. आधी वही उघडा आणि रोजच्या ४५ मिनिटांच्या वाचन तासिका खरंच किती झाल्या ते मोजा. ४० पैकी २२ झाल्या असतील, तर उरलेल्या १८ कुठे गेल्या ते तारखेसमोर लिहा: ऑनलाइन माहिती भरणं, प्रशिक्षण, स्नेहसंमेलनाची तालीम. ही यादी केंद्रप्रमुखांच्या (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) पुढच्या भेटीत टेबलावर ठेवा, आणि वाचनाची तासिका परिपाठानंतर लगेचची करून घ्या. शेवटची तासिकाच सगळ्यात आधी बुडते.