आगोटीआधी, दुसरी केबल जोडण्याआधी

आगोट जवळ आली की घरी सुकी मासळी, कोकमं, लाकडं भरायची घाई असते. माझी घाई कारखान्यांतल्या नेटवर्क स्विचची, म्हणजे कॉम्प्युटर-कॅमेऱ्यांच्या केबल जिथे एकत्र येतात त्या डब्यांची. पावसात एखादी केबल जाणार हे ठरलेलंच, म्हणून मे संपायच्या आत दुसरी वाट टाकून लूप, म्हणजे केबलींचा फेरा, पूर्ण करून ठेवायचा. मागच्या वर्षी वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखान्यात हे काम मीच केलं आणि मीच बिघडवलं. म्हणून ही यादी.

लॅपटॉप, कन्सोल केबल, जुन्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप. एवढं सांगायला नको. आरजे-45 च्या, म्हणजे केबलच्या टोकाच्या प्लगच्या, पिना खाऱ्या हवेने हिरव्या झाल्या असतील तर टोकं कापून नवीन मारा. दोन शेडमध्ये नवीन ओढायची ती फायबरच, वळवाच्या विजा तांब्यातून थेट पोर्टात उतरतात.

आता कागद घ्या. स्विचचे चौकोन, मधल्या रेघा. आणि हे चित्र जितके व्हीलॅन (त्याच तारांवरची वेगवेगळी ठेवलेली नेटवर्कं) तितक्या वेळा काढा. मी एकदाच काढलं होतं.

कारण असं. इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे स्विच पुढे ढकलतात त्या डेटाच्या गठ्ठ्याला, मरण नाही. आयपीच्या पॅकेटला टीटीएल, म्हणजे किती टप्पे जगायचं त्याचा आकडा, असतो; हिला तसलं काही नाही, त्यामुळे लूप झाला की ब्रॉडकास्ट (सगळ्यांना धाडलेला निरोप) फिरतच राहतो आणि बघता बघता सगळं नेटवर्क आडवं होतं. म्हणून स्विचमधली स्पॅनिंग ट्री ही व्यवस्था लूपमधला एक पोर्ट गप्प बसवते. कुठला, ते रूट, म्हणजे या झाडाचं मूळ मानलेला स्विच, कोण यावर ठरतं. आणि रूट प्रत्येक व्हीलॅनचा वेगळा असू शकतो. सिस्कोच्या स्विचवर पीव्हीएसटी, म्हणजे दर व्हीलॅनची वेगळी स्पॅनिंग ट्री, चालते; तिथे जितके व्हीलॅन तितक्या निवडणुका. मुळातली प्रायॉरिटी 32768, तिच्यात व्हीलॅनचा नंबर मिळवायचा: 10 साठी 32778, 20 साठी 32788. कमी आकडा जिंकतो. सगळीकडे सारखाच असेल तर ज्याचा मॅक पत्ता (बनवतानाच दिलेला नंबर) लहान तो रूट, म्हणजे बहुधा सगळ्यात जुनं डबडं. शिमग्याच्या पालखीला जुना मानकरी शोभतो, नेटवर्कला नाही.

माझं काय झालं ते ऐका. तीन स्विच: ऑफिस, ग्रेडिंग शेड आणि गेटवरची वजनकाट्याची केबिन. ऑफिस ते शेड गिगाबिट फायबर. गेटचा स्विच म्हातारा, 100 एमबीपीएसचा, दोघांनाही जोडलेला. व्हीलॅन 1 आणि 10 साठी ऑफिसचा स्विच रूट केला. कॅमेऱ्यांचा व्हीलॅन 20 नंतर आला, गेटवर दोन कॅमेरे म्हणून तिथवर नेला, आणि त्याची प्रायॉरिटी लावायला विसरलो. गेटचा म्हातारा रूट झाला. रूटकडे जाणारी कमी कॉस्टची वाट टिकते: गिगाबिटची कॉस्ट 4, शंभरची 19. शेडपासून गेट थेट 19, ऑफिसमार्गे 4 अधिक 19 म्हणजे 23. मग व्हीलॅन 20 पुरती बंद कुठली लिंक? गिगाबिट फायबर! शेडमधले 32 कॅमेरे, प्रत्येकी साधारण 4 एमबीपीएस, म्हणजे 128 चा लोंढा 100 च्या नळीतून गेटला वळसा घालून ऑफिसातल्या रेकॉर्डरकडे. ऑफिसचं सगळं मजेत चालू, कारण व्हीलॅन 10 चं झाड सरळ होतं. पिंग (पोहोचतंय का बघायची हाक) मी ऑफिसच्याच लॅपटॉपवरून मारला आणि घरी येऊन जेवलो.

वर गेटच्या केबिनला यूपीएस नाही. वीज गेली की रूट गेला, वीज आली की रूट परत आला, आणि दर खेपेला पोर्ट उघडण्याआधीच्या लिसनिंगचे 15 आणि लर्निंगचे 15 मिळून 30 सेकंद शेडचे कॅमेरे अंधारात. वॉचमन फोनवर: "लायट इली, पण क्यामेरे नाय इले." दोन दिवस मी रेकॉर्डर तपासत बसलो.

तेव्हा प्रायॉरिटी सगळ्या व्हीलॅनना लावा. 'रूट प्रायमरी' म्हटलं की झालं असं समजू नका. ती कमांड त्या क्षणी बहुधा 24576 हा आकडा लिहून मोकळी होते, तीही तुम्ही सांगितलेल्या व्हीलॅनपुरती. उद्या जन्मणाऱ्या व्हीलॅनला तिचा पत्ताच नसतो. मी आता ऑफिसच्या स्विचवर 1 ते 4094 सरसकट 4096 लावतो, शेडवर 8192. आकडा 4096 च्याच पटीत लागतो. नंतर ऑफिसच्या स्विचवर 'शो स्पॅनिंग-ट्री रूट' बघा. प्रत्येक ओळीत कॉस्ट 0 हवी. पहिल्या दोन ओळी बघून उठू नका, माझी चूक तिसऱ्या ओळीत होती. हे सगळं दुसरी केबल खोचण्याआधी. आणि नवीन व्हीलॅन टाकला की पुन्हा.

ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या लिंकवर, व्हीलॅन वाढवताना 'ॲड' शब्द विसरलात तर जुनी यादी पुसली जाते. नेटिव्ह व्हीलॅन (ट्रंकवरून नंबराची खूण न लावता जाणारा) दोन्ही टोकांना एकच. मध्ये दुसऱ्या कंपनीचा स्विच असेल तर तो एकच झाड चालवतो की एमएसटीपी (व्हीलॅनच्या दर गटाला एक झाड), ते आधी विचारा. एमएसटीपी असेल तर रीजनचं, म्हणजे त्या स्विचच्या गटाचं, नाव, रिव्हिजन आणि व्हीलॅनची वाटणी सगळीकडे अक्षरन् अक्षर सारखी लागते.

कॅमेरे, पीसी, वजनकाटा यांच्या पोर्टवर पोर्टफास्ट (पोर्ट न थांबता लगेच उघडतो) आणि बीपीडीयू गार्ड (तिथून स्पॅनिंग ट्रीचा निरोप आला तर पोर्ट बंद होतो). कोणीतरी बाजारातला पाच पोर्टचा स्विच आणून एकाच केबलची दोन्ही टोकं त्यात खोचतोच. ट्रंकवर मात्र हे नको.

मग केबल जोडा, एक उपटा, प्रत्येक व्हीलॅनमधून पिंग, परत लावा, दुसरी उपटा. प्रत्येक म्हणजे कॅमेऱ्यांचापण.

कॉन्फिगरेशन सेव्ह करा. गेटला यूपीएस मागा. रूटची यादी छापून कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवा, प्लॅस्टिकमध्ये घालून, नाहीतर जुलैपर्यंत तिचा लगदा होतो.