पन्नास मुलं मुक्कामाला येणार असतील तर

आठ ते बारा वर्षांची पन्नास मुलं शाळेच्या सहलीतून एका रात्रीसाठी येणार असतील, तर पदार्थ कमी ठेवा आणि वेळ काटेकोर पाळा. भूक लागलेली मुलं अर्धा तास ताटकळली की किरकिर आणि भांडणं सुरू होतात. मग जेवणही नीट जात नाही.

शिक्षकांना आठवडाभर आधी चार गोष्टी विचारा: शेंगदाणे किंवा दुधाची अ‍ॅलर्जी, कांदा-लसूण न खाणारी मुलं, रोजची औषधं, दमा किंवा फिट. आपल्याकडे दाण्याचं कूट भाजी-कोशिंबिरीत सहज पडतं, म्हणून एका मुलाला जरी अ‍ॅलर्जी असली तरी त्या दिवशी स्वयंपाकघरात दाणे आणूच नका.

घाटातून आलेल्या गाडीत दोन-चार जणांना तरी उलट्या झालेल्या असतात. उतरल्या उतरल्या वडे किंवा दूध देऊ नका. आधी संडास, हातपाय धुणं, मग लिंबू सरबत आणि कुरमुरे. एका नळावर पन्नास मुलांचे हात साबणाने धुवायचे म्हटलं तर पंचवीस मिनिटं जातात. दोन बादल्या भरून ठेवा आणि तांब्याने पाणी घालायला दोन मोठी माणसं उभी करा.

रात्रीला मुगाच्या डाळीची मऊ खिचडी उत्तम. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ धरतात. खिचडीला एकूण तेवढंच धरा, फक्त तांदूळ थोडा कमी आणि डाळ जास्त. सोबत पापड, काकडी, ताक असेल तर पन्नास जणांना ४ किलो तांदूळ, २ किलो मूगडाळ, अडीच किलो दुधी-गाजर-मटार, पाव किलो तेल आणि वरून अर्धा किलो तूप पुरतं. मोठ्या माणसांचं वेगळं धरा.

४० लिटरचं जाड बुडाचं पातेलं घ्या. डाळ आधी कोरडी भाजून घ्या, म्हणजे चिकट होत नाही. दुसऱ्या भांड्यात २५ लिटर पाणी उकळायला ठेवा, त्यालाच अर्धा तास लागतो. मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्त्याची फोडणी करून भाज्या, डाळ, तांदूळ परता आणि २० लिटर उकळतं पाणी घाला. उरलेलं लागेल तसं, पण गरमच. मध्येच गार पाणी पडलं की शीत बाहेरून फुटतं आणि आत कणी राहते. मीठ आधी १५० ग्रॅम, मग चव बघून. मिरची नको, तिखट खाणाऱ्यांना चटणी वेगळी द्या.

अर्धं पाणी आटलं की आच मंद करा आणि लांब दांड्याच्या उलथन्याने तळापासून हलवत राहा. करपल्याचा वास आला तर ढवळू नका, खरवडू नका. वरची खिचडी लगेच दुसऱ्या पातेल्यात काढा. डावातून ओघळेल इतकी पातळ असतानाच गॅस बंद करा, वीस मिनिटांत ती घट्ट होते.

पातेलं जमिनीवर, मुलांच्या वाटेत कधीही ठेवू नका. उकळत्या पातेल्यात मूल पडणं हा पंगतीतला सर्वांत भयंकर अपघात. टेबलामागे ठेवा आणि बादलीतून वाढा. आधी एका मोठ्या माणसाने चव घ्यावी. उरलेली खिचडी सकाळी गरम करून देऊ नका: भातातले काही जंतू उकळूनही टिकतात, रात्रभरात विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. सकाळी अडीच किलो जाड पोह्यांचे ताजे पोहे करा.

झोपण्याआधी हजेरी घ्या. संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवा. मुलींच्या खोलीत एक बाई हवीच. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाचं नाव शिक्षकांकडून हळूच कळून घ्या, रात्री अकराला उठवून लघवीला नेऊन आणा आणि एक जादा चादर हाताशी असू द्या. बाकीच्यांना पत्ता लागता कामा नये. जुलाब झालेच तर ओआरएसचं पाकीट द्या. ते नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. घोट घोट पाजा. मूल सुस्त पडलं किंवा पाणीही टिकेना, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. त्यासाठी एक गाडी आणि चालक रात्रभर तिथेच थांबवून घ्या.