बिबट्याच्या हातात चहाचा ग्लास देताना

चित्रकथेतला बिबट्या दोन पायांवर उभा राहिला, अंगात सदरा आला, की त्याच्या हातात काहीतरी द्यावंच लागतं आणि चित्र तिथेच फसतं. माणसाचा हात काढून त्यावर ठिपके आणि टोकदार नखं चिकटवली, तर तो केसाळ हातमोजा दिसतो.

सुरुवात हाडांपासून करा. बिबट्याच्या पुढच्या पंजालाही पाच बोटं असतात: अंगठ्याला दोन पेरं, बाकीच्यांना तीन-तीन, अगदी आपल्यासारखी. फरक आहे तो ठेवणीत. आपला तळहात टेबलावर टेकवा आणि बोटं तशीच ठेवून मनगट वर उचला. बिबट्या असाच चालतो. अंगठा वर, मनगटाच्या बाजूला राहतो, जमिनीला लागत नाही. म्हणून ठशात चारच बोटं उमटतात.

आता गाद्या, म्हणजे पंजाच्या तळाचे मऊ उंचवटे. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मोठी गादी तळहाताच्या मधोमध काढायची सवय असते, पण तिची खरी जागा बोटांच्या मुळाशी आहे, जिथे आपल्या हाताला घट्टे पडतात तिथे. तळहाताच्या मध्यावर ती काढली की मूठ वळताना आड येते, कारण हात नेमका तिथेच दुमडतो. तिच्या मनगटाकडच्या कडेला तीन गोलसर फुगवटे द्या, मांजरकुळाची ती खूण आहे. बोटांच्या छोट्या गाद्या शेवटच्या सांध्याखाली येतात, नख त्यांच्या पुढे. आणखी एक लहान गादी मनगटाशी, करंगळीच्या बाजूला असते. ती सहसा विसरली जाते, पण तिच्यामुळे मनगट कुठे आहे ते लगेच कळतं.

मापं अशी धरा: मागच्या बाजूने पाहिलं तर माणसाच्या हाताचे, मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत, 10 भाग केल्यावर मधलं बोट साधारण 5 भागांचं भरतं. बिबट्यासाठी ते 4 करा आणि जाडी दीडपट. अंगठा मात्र माणसासारखा खाली आणावा लागेल, नाहीतर ग्लास धरताच येणार नाही. ही तडजोड करायलाच हवी. फक्त तो आखूड ठेवा, टोक तर्जनीच्या मुळाशीच संपू दे.

नखं आरामात असताना शेवटचं पेर मागे दुमडून मधल्या पेराच्या बाजूला बसलेलं असतं. त्यामुळे बोटाचं टोक वरून फुगीर दिसतं आणि नखाचा जेमतेम कोपरा दिसतो. नखं बाहेर येतात तेव्हा पंजा ताणला जातो, बोटं फाकतात. शांतपणे चहा पिणाऱ्या बिबट्याची पाचही नखं बाहेर असतील, तर तो चिडलेला वाटेल. नख माणसासारखं बोटावर पसरलेलं नसतं. ते टोकातून निघून खाली वळतं आणि त्याचं मूळ केसांत असतं. कुत्र्याचं वेगळं: त्याची नखं बोथट आणि कायम बाहेर, म्हणून ग्लास गाद्यांनी धरवा आणि नखं काचेपासून सुटी ठेवा.

चित्रात खुरांचा प्राणी असेल, समजा बैल, तर त्याला अंगठाच नसतो. दोन मोठे खूर म्हणजे मधलं बोट आणि अनामिका. मागची दोन छोटी खुरं म्हणजे तर्जनी आणि करंगळी. तेव्हा अंगठ्याचं काम आतल्या छोट्या खुराला द्या. खुरात गेलेलं शेवटचं पेर वाकवू नका.

केस सगळ्यात शेवटी. आधी उघडा हात पूर्ण काढा, मग मनगटाकडून बोटांकडे जाणारे केस घाला. बोटांवर ते आखूडच हवेत, नाहीतर दोन बोटांमधली फट बुजते आणि हाताचा गोळा होतो.

रंग भरण्याआधी तीन हात काढून आत काळा रंग भरा: ग्लास धरलेला, बोट दाखवणारा, मूठ वळलेला. नुसत्या काळ्या आकारावरून काय चाललंय ते ओळखू आलं पाहिजे. मग मूठ पुन्हा तळव्याकडून, गाद्यांसकट काढा. वळलेल्या बोटांमागे मोठी गादी झाकली जायला हवी. ती दिसत राहिली, तर ती मनगटाकडे सरकली आहे.