गृहलक्ष्मीचे पैसे कुणाला? आधी रेशन कार्ड बघा

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला 2000 रुपये पाहिजेत तर आधी रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख कोण लिहिलंय ते बघा, कारण पैसे एका घरात एकाच बाईला, आणि 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्रमुख म्हणजे घरातली सगळ्यात मोठी बाई, म्हणजे सासूच की ओ. ती नाहीतर तिचा नवरा इन्कम टॅक्स भरत असेल तर विषय संपला.

कार्ड, नवरा-बायको दोघांचं आधार, आधार लिंक असलेलं पासबुक घेऊन ग्राम वनमध्ये (गावातलं सरकारी सेवा केंद्र) जावा. नावं आधी जुळवा, आमच्या सासूबाई कन्नड कार्डावर "लक्ष्मव्वा" आणि आधारवर "लक्ष्मीबाई", दोन हेलपाटे झाले.

चूल वेगळी पण कार्ड एकच असलं तर सरकारला घर एकच दिसतंय, म्हणून आता सुना कार्ड वेगळं करा म्हणून मागं लागल्यात (माझी जाऊ त्यातलीच).